सुक्या पायांनी

बटाट्याची सुट्टी तोंडावर आली होती आणि कर्स्टीने मनाशी पक्कं केलं होतं, या वेळी आजीला उत्तर टोकाला, तिच्या केथनेसला न्यायचंच.

ऑक्टोबरातल्या या सुट्टीत पूर्वी पोरं शेतात बटाटे काढायला जायची. आता बटाटे यंत्रं काढतात. सुट्टी मात्र राहिली, आणि तिचं नावही राहिलं. ऍबर्डीनच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी कर्स्टी एरवी या सुट्टीत कुठल्या ना कुठल्या मोर्चात फलक धरून उभी असायची. या वर्षी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, समुद्रकाठची भाड्याची घरं पाहत. समोर चाकांच्या खुर्चीत आजी. घरात टोस्ट करपल्याचा वास भरला होता, आणि तो कर्स्टीने करपवला होता.

आजीचं नाव ह्यूइना. बाप ह्यू मोवॅट, म्हणून ती ह्यूइना. ती आईच्या पोटात असतानाच बाप समुद्रात गेला. मुलगा झाला असता तर त्याला मिळायचं ते नाव शेपूट लावून मुलीला मिळालं. तिच्या गावात अशा पुष्कळ जणी होत्या.

"बापाचं माझ्याकडे नाव तेवढं आहे," ती म्हणायची. "बाकी सगळं ऐकीव." ऐकीव म्हणजे असं, की तो गाताना सूर सोडायचा, रागावला की बोलण्याऐवजी शिट्टी वाजवायचा, आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याला नव्हती. माशाचा गळ रुतून सडली होती, डॉक्टरने कापून टाकली.

"हेच का गं ते तुझं घर?" कर्स्टीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पडद्यावर चुना फासलेल्या बुटक्या घरांची एक ओळ होती. ओळीच्या टोकाला, समुद्राच्या अगदी वर, निळ्या दाराचं घर. आजीने चष्मा कपाळावर सारला आणि डोळे बारीक करून ती पडद्याजवळ वाकली.

"दार निळं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "पण हेच. काय नाव ठेवलंय म्हणालीस?"

"पफिन कुटी."

आजी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. "पफिन! आमच्या स्कॅरस्टर गावाला उभ्या जन्मात तो पक्षी उतरला नाही. आणि शेजारचं?"

"शिंपला. त्याच्या शेजारचं सीलचा विसावा."

"सीलला विसावा आहे म्हणायचा. माणसांचं काय?"

"माणसांचं काय विचारतेस?" कर्स्टी भडकलीच. "अख्खी ओळ सुट्टीवाल्यांची आहे. मालक दक्षिणेत, खिडक्या सगळा हिवाळा काळ्याठिक्कर. गावची पोरं घर मिळत नाही म्हणून गाव सोडतात. याच्याविरुद्ध मी सह्या गोळा करत हिंडले, आजी, आणि आता मीच भाडं भरून..."

"मग असं कर पोरी, सह्या तुझ्याकडे ठेव आणि घर मला दे. आठवडाभर."

आजीने ते हसत म्हटलं, पण तिचा हात टेबलावर उगाच काही तरी चाचपत होता. उन्हाळ्यात डॉक्टरने कर्स्टीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकलंय, वसंतापर्यंतचं मी बोलणार नाही. आजीला कुणी सांगितलं नव्हतं आणि आजीला सगळं ठाऊक होतं. ती फक्त एवढंच म्हणत होती की मला त्या घरात एकदा संध्याकाळची बसायचंय. म्हणजे ही सुट्टी पुढे ढकलण्यातली नव्हती.

कर्स्टीने लढाई आखावी तशी सुट्टी आखली. चाकांच्या खुर्चीसाठी उंबऱ्यावर टाकायची फळी, अंगाखाली घालायचं मेंढीचं कातडं, वाटेत कुठे थांबायचं, औषधं कुठल्या डब्यात. गेल्या वसंतात कमरेचं हाड मोडल्यापासून आजी आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. घर सांभाळणाऱ्या बाईला तिने इतके फोन केले की ती म्हणाली, "बाई गं, राणी येणार आहे का?"

"तिच्याहून मोठी," कर्स्टी म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आजीच्या पायांत लोकरी मोजे चढवून पाहत होती, तेव्हा आजी म्हणाली, "आमच्याकडे बायका नवऱ्याला पाठीवर घेऊन होडीत नेऊन सोडायच्या. सांगितलंय का तुला?"

"पाठीवर?"

"मग! होड्या पाण्यात उभ्या. पुरुषाचे बूट भिजले तर दिवसभर थंडीत तो कुडकुडणार, गळ कसे टाकणार? म्हणून बायकांनी परकर खोचायचे, मांडीभर पाण्यात शिरायचं, आणि त्याला सुका होडीत ठेवायचा. परत आला की तसाच उचलून आणायचा. पुरुष पाण्यातून हाळी द्यायचे, हो... हो... अशी. ती ऐकली की बाई हातातलं टाकून धावायची. पाठ समुद्राकडे करायची, वाकायचं. मागे पाहायचं नाही, तोल जातो. सुक्या पायांनी न्यायचा, सुक्या पायांनी आणायचा."

"आणि पुरुष मजेत बसायचे पाठीवर! छान."

"तुला मोर्चाच दिसणार त्यात." आजीने पाय पुढे केला. "त्या दिवशी आईला दिवस भरत आले होते. सुईण म्हणाली, आज नाही उचलायचा. बाप हसला म्हणे. म्हणाला, आज मी माझा मला नेतो. आणि चालत शिरला पाण्यात, ओल्या पायांनी." ती थांबली. "होडी परत आली नाही. होडीवर ओळीतल्या निम्म्या घरांतला एकेक माणूस होता."

कर्स्टीने अर्धाच चढवलेला मोजा तसाच राहिला.

"आई रोज तिन्हीसांजेला परकर खोचून धक्क्यावर जाऊन उभी राहायची. म्हातारी होईपर्यंत. लोक आधी हसले, मग हसेनासे झाले. ती म्हणायची, मी नेला नाही म्हणून मला हाक मारत नाहीये तो. रुसलाय." आजीने कर्स्टीकडे पाहिलं. "पण नेला का नाही? माझ्यामुळे. मी होते ना त्या जागी. ओझं."

"आजी, हे अगदी मूर्खासारखं बोलणं आहे."

"असेल," आजी म्हणाली. "दुसरा मोजा घाल."

स्कॅरस्टरला त्या दोघी पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. धूसर, वारा पडलेला दिवस. ओळीतल्या एकाही धुराड्यातून धूर नव्हता. टोकाच्या घरापुढे एक लठ्ठ, लाल गालांची बाई व्हॅक्यूम क्लीनरवर बूड टेकून बसली होती. ही नेटा कॉर्मॅक, ओळीतली सगळी घरं झाडणारी.

"आल्या का राणीसाहेब!" तिने आजीचा हात हातात घेतला. "मोवॅटांची मुलगी ना तुम्ही? माझी आजी तुमच्या आईचं नाव काढायची."

"काय म्हणायची?"

"म्हणायची..." नेटा जराशी अडखळली. "म्हणायची, फार कष्टाची बाई."

"वेडी म्हणायची," आजी शांतपणे म्हणाली. "चल, आत घे मला."

आत सगळं पांढरं होतं. पांढऱ्या भिंती, पांढरे सोफे, भिंतीवर लाकडी पफिन. जुनं म्हणावं असं दोनच गोष्टींत उरलं होतं: चूल आणि दाराची लोखंडी कडी. अंगठ्याने खटका दाबला की आतली पट्टी वर उचलली जायची. ती शोभेसाठी ठेवली होती. खरं कुलूप तिच्या वर होतं, बाहेरून आकडे दाबायचं आणि आतून गोल मूठ फिरवायचं.

"दार ओढलं की आपोआप लागतं बरं," नेटा म्हणाली. "आकडे पाठ करा. मागच्या महिन्यात एक साहेब टॉवेलवर बाहेर अडकले होते. बघण्यासारखे नव्हते, नाहीतर मी इतक्या लवकर आले नसते."

आजी हसली नाही. ती कुलपाकडे बघत होती. "आई या दाराला कधी किल्ली लावायची नाही. होडी बाहेर असताना दार लावत नाहीत."

"आता कुठली होडी, आजी?" नेटा हळूच म्हणाली. मग तिने भराभरा बादली, फडकी उचलली. खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला होता.

"चहा घेऊन जा ना," कर्स्टी म्हणाली.

"नको गं. मी वर राहते, मोठ्या रस्त्याला. खाली अंधारात मी थांबत नाही." दारात ती वळली. "संध्याकाळचे सील ओरडतात खडकांवर. लोक घाबरतात, फोन करतात. सील आहेत. लक्ष द्यायचं नाही."

पहिल्या संध्याकाळी कर्स्टीने धुरी दिलेल्या हॅडक माशाचं दुधाळ सूप केलं आणि चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विटा रचल्या. पीट पेटला तसा खोलीत तो जुना, गोडसर, मातकट धूर पसरला, आणि आजीने डोळे मिटून श्वास घेतला. "आता घरासारखं वाटतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात खालून आवाज आला.

लांब होता. कण्हल्यासारखा, खालच्या पट्टीत सुरू होऊन तिथंच विरणारा. हो... हो... कर्स्टीने सील ऐकले होते. सील असेच ओरडतात, अगदी माणसासारखे. तिने सुपात पळी फिरवली. आवाज थांबला. मग पुन्हा, थोडा डावीकडून.

आजीने डोळे उघडले होते.

"सील," कर्स्टी म्हणाली.

"हो," आजी म्हणाली. पण तिने सुपाला हात लावला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. दिवस दोघींनी छान घालवला होता. आजीने खिडकीतून बोट दाखवून कुठल्या खडकावर कोण पडलं, कुणाच्या कोंबड्या कुणी चोरल्या, सगळं सांगितलं होतं आणि पोटभर हसली होती. उजेड गेला आणि तिचं बोलणं थांबलं. ती दाराकडे तोंड करून बसली. बाहेर ते सुरू होतं. कधी एक आवाज, कधी वाटायचं दोन आहेत. आणि मधल्या शांततेत पाणी हलल्याचा आवाज, जसं कुणी पाण्यात उभ्याउभ्या पाय बदलतंय.

"मला खाली ने," आजी म्हणाली.

"आजी, बाहेर गारठा आहे, धक्क्यावर शेवाळ आहे, ती खुर्ची तिथे—"

"मग दार उघडं ठेव."

कर्स्टीने दाराच्या फटीत आपला बूट अडकवून ठेवला. गार हवा, समुद्राचा खारट वास आत आला. बराच वेळ काही झालं नाही. मग आजी स्वतःशीच म्हणाली, "दार उघडं असून काय उपयोग? दारापर्यंत आणायला नको का कुणी..."

त्या रात्री आजी झोपल्यावर कर्स्टी थोडी रडली, आणि त्याहून जास्त चिडली. तिला वाटलं होतं, आजीला इथं आणलं की ती सुखावेल. एवढी आखणी करून तिने म्हातारीला सुखाकडे नाही, तिच्या जुन्या दुखण्यापाशी आणून बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी समुद्रावरून धुकं चढलं. चहाच्या वेळीच शेजारचं घर दिसेनासं झालं. खिडकीच्या काचेला कुणी ओलं लोकरीचं कापड लावून ठेवावं तसं. समुद्राचा आवाजही मेला होता. म्हणूनच पहिली हाळी आली ती अगदी जवळून आल्यासारखी वाटली.

हो...

आजीने खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले आणि उठायला लागली. ओठ निळे पडत होते, तरी ती उठत होती.

"आजी! बस. बस खाली!"

"आई गेली असती. आई नाही. मी जाते."

"तू पडशील! मरशील तू तिथं!"

"मग मरेन. इथं बसून तेच करतेय ना."

कर्स्टीने तिला धरून खाली बसवलं. तिच्या हातांखाली आजीचे खांदे पाखराच्या हाडांसारखे लागले. "ऐक. मी जाते," ती म्हणाली. "मी बघून येते. सील असले तर तू मुकाट्याने सूप पिऊन झोपायचं. कबूल?"

आजीने तिच्याकडे पाहिलं. "मागे पाहू नकोस," ती म्हणाली.

कर्स्टी कोट चढवून निघाली. दार तिच्यामागे आपसूक मिटलं. बूट अडकवायचं ती विसरली होती, आणि ते आकडे फोनमध्ये होते, आणि फोन टेबलावर होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती धक्क्याच्या उतारावर अर्ध्यात होती. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी घातली.

खाली काहीच नव्हतं. धुकं, आणि धुक्याखाली शिशासारखं सपाट पाणी. हाळ्या थांबल्या होत्या. सील पाण्यात सटकले असतील तर तरंग तरी दिसायला हवे होते. तरंग नव्हते.

"कोणी आहे का?" तिने विचारलं, आणि आपला आवाज ऐकून तिला लाज वाटली. शिकलेली मुलगी, मुलांना भरती-ओहोटी शिकवते, आणि इथं तिन्हीसांजेला पाण्याशी बोलतेय.

एक छोटी लाट निमूटपणे आली आणि तिच्या बुटांवरून गेली. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. ती वैतागून वळली. पाठ समुद्राकडे झाली. पँटचा ओला काठ दुमडायला ती वाकली.

आणि तिच्या पाठीवर वजन आलं.

धक्का बसला नाही. कुणी सवयीने, जपून चढावं तसं ते आलं. आधी खांद्यांवर दोन हात, मग पाठभर गार, ओला भार. पाण्याने भरलेल्या गोणीसारखा. कोटातून, स्वेटरमधून, थेट मणक्यापर्यंत तो गारठा उतरला. डांबराचा वास आला, भिजल्या लोकरीचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, फार जुन्या पाण्याचा. गळ्यापुढे दोन हात आले आणि एकमेकांत गुंतले.

तिला ओरडता आलं नाही. डोकं वळवावंसं वाटलं, मान मोडेल इतकं वाटलं. मागे पाहू नकोस. तिच्या कानाशी श्वास नव्हता. तेच सगळ्यात भयंकर होतं. एवढ्या जवळ कुणी होतं आणि श्वास नव्हता. फक्त थरथर होती. ते कुडकुडत होतं.

कर्स्टी पुढे सांगायची की त्या थरथरीने तिचे पाय हलले. जे कुणी होतं ते तिच्याइतकंच घाबरलेलं होतं.

ती चढायला लागली. शेवाळावरून, एक एक पाऊल रोवत, वाकलेली. कधी वाटायचं भार हलका होतोय, की लगेच ते हात आवळले जायचे, जसं पोर झोपेत आईला धरतं. तिच्या कोटावरून पाणी ठिबकत होतं. ओळीतली काळी घरं एकेक करून बाजूने गेली. एका हिरव्या दारापाशी तो भार अचानक जड झाला, इतका की तिचे गुडघे वाकले. तिने दात आवळले आणि स्वतःला पुढे रेटलं. आजीचं घर टोकाला होतं.

अंगणातला आपोआप लागणारा दिवा भकन पेटला. समोर निळं दार. बंद. डोक्यात आकड्यांचा पत्ता नाही.

"आजी..." तिच्या तोंडून वाऱ्यासारखा आवाज निघाला. "आजी... दार..."

आतून पाय घासल्याचा आवाज आला. हळू, फार हळू. मग गोल मूठ फिरली.

दारात ह्यूइना उभी होती. हातात काठी नाही, भिंतीचा आधार नाही. आपल्या दोन पायांवर, ताठ. ती कर्स्टीकडे पाहत नव्हती. कर्स्टीच्या खांद्यावरून, थोडं वर, कुणाच्या तरी तोंडाकडे पाहत होती. तिचा चेहरा आधी उजळला, मग क्षणभर कसासाच झाला, आणि मग इतका मऊ झाला की कर्स्टीने तो तसा कधी पाहिला नव्हता.

"ये रे बाळा," आजी म्हणाली. "गारठलास. ये, शेकोटीपाशी बस."

कर्स्टीने उंबरा ओलांडला. चुलीशी पोचल्यावर गळ्यापुढचे हात सुटले. पाठ इतकी हलकी झाली की ती तोंडावर पडली. उठून तिने पाहिलं तेव्हा खोलीत आजी होती, जाळ होता, आणि चुलीपुढच्या पांढऱ्या गालिच्यावर ओला डाग हळूहळू पसरत होता.

राहिलेले दिवस निवांत गेले. आजी जेवली, झोपली, गायली. हाळ्या पूर्ण थांबल्या नव्हत्या. पण आजीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि कर्स्टीला वाटलं, त्या खरोखरच सीलच्या असतील. निघताना दार ओढलं तसं ते खटकन लागलं. आजीने एकदा कडीवरून हात फिरवला, बस.

ऍबर्डीनला परतल्यावर एका सकाळी कर्स्टी आरशापुढे उभी राहून शाळेत जायच्या आधी गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती, आणि तिचे हात गळ्यापुढे थांबले.

ते हात तिने अंगणातल्या दिव्याच्या उजेडात पाहिले होते. पाण्याने सुरकुतलेले, पांढरे, एकमेकांत गुंतलेले. डावा वर होता. डाव्या हाताची बोटं तिच्या छातीवर एकापुढे एक होती. सगळी. एकही कमी नव्हतं.

ती बिछान्याच्या कडेला बसली. शाळेला उशीर झाला.

आजीला तिने सांगितलं नाही. कसं सांगणार? आजी आता रोज सकाळी तोंड धुतल्यावर रेडिओबरोबर बेसूर गात होती. डॉक्टर म्हणाला, आश्चर्य आहे, सुट्टी मानवली. कर्स्टी मान हलवायची आणि रात्री छताकडे बघत पडायची. मी कुणाला आणलं? आणि जो राहिला तो अजून पाण्यात पाय बदलत उभा आहे का?

नाताळच्या सुमाराला नेटाचा फोन आला. आजीलाही ऐकू यावं म्हणून कर्स्टीने तो मोठ्या आवाजावर लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती घुटमळली.

"एक विचारू का? तुम्ही त्या घरात काही केलंत का गं? नाही म्हणजे, तुमच्यानंतर आलेले दोघे दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यांच्यानंतरचेही. म्हणतात, संध्याकाळ झाली की कडी वाजते. ती जुनी, शोभेची."

"वारा असेल," कर्स्टी म्हणाली.

"मलाही तेच वाटलं. म्हणून काल मी स्वतः थांबले." नेटाचा आवाज एकदम खाली आला. "वारा नाही, बाई. आणि बाहेरून नाही वाजत. आतून वाजते. पट्टी उचलली जाते, पडते. उचलली जाते, पडते. दार काय उघडणार, वरचं कुलूप असतं ना. ती मूठ फिरवायची असते हे... हे त्याला कोण सांगणार?"

कर्स्टीने फोन ठेवला. खोलीत रेडिओ कुजबुजत होता.

"हिरव्या दाराचं घर," आजी खुर्चीतून म्हणाली.

"काय?"

"मॅन्सनांचं. त्यांचा मॅग्नस मॅन्सन, बापाच्याच होडीवर होता. लहानपणी रोज बघायची मी त्याचा फोटो त्यांच्या भिंतीवर. ते तिरकं नाक. त्याची आई मला बॅनकच्या जाड भाकरीवर लोणी थापून द्यायची, माझा मॅग्नस आला की तुलाच सून करते म्हणायची." आजी शांतपणे रजई नीट करत होती. "वाटलं होतं, घर कुठलं का असेना, कोरडं आहे, राहील. नाही राहत. ज्याला त्याला आपलंच दार हवं."

"तुला ठाऊक होतं?" कर्स्टीचा आवाज फुटला. "तेव्हापासून?"

"दार मी उघडलं होतं ना, पोरी."

"मग तू का नाही... तुला तर तुझे बाबा हवे होते! त्यांच्यासाठी गेलो होतो आपण!"

"मग काय करू? आपला नाही म्हणून परत पाण्यात सोड म्हणू?" आजीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "असा कुडकुडत होता गं तो. आणि तू इतकी खुश होतीस, मला माझा बाप आणून दिलास म्हणून. मला नाही सांगवलं."

बाहेर रस्त्यावर गाड्या ओल्या डांबरावरून जात होत्या.

"पुढची सुट्टी कधी आहे?" आजीने विचारलं.

"ईस्टरला."

"ईस्टरपर्यंत मी टिकते. टिकवते मी." तिने बोटाने लॅपटॉपकडे खुणावलं. "हिरव्या दाराचं घर घे. आणि आपलंही घे. आधी मॅग्नसला त्याच्या घरी सोडू. मग बाप. मग जे उरतील ते."

"आजी, मी... सगळ्यांना? ते माझ्यापाशी येतीलच कशावरून?"

"येतील गं." आजीने तिच्याकडे मायेने पाहिलं, तसं पाहताना ती क्षणभर थांबली, आणि तिची नजर कर्स्टीच्या खांद्याच्या थोडी वर गेली. "तुझी पाठ ठाऊक झालीय आता त्यांना."

कर्स्टीने लॅपटॉप उघडला. घरांची ती पांढरी ओळ पडद्यावर आली. कळफलकाकडे हात नेण्याआधी तिने खांदे किंचित वर उचलले, कंबरेत जरा वाकली, आणि पाठीवर काही नीट सावरून घ्यावं तसं केलं. हे ती ऑक्टोबरपासून करत होती. तिला अजून ते कळलं नव्हतं.